सह्याद्रीपर्यंत पोचणारं हवामान मॉडेल: १०० किमीवरून १२ आणि ४ किमीवर (प्रकल्प नोंदी)

६ जानेवारी. आराखडा

काम थोडक्यात असं. सीएमआयपी६ (जगभरच्या हवामान मॉडेलांचा तुलना-प्रकल्प) मधल्या जागतिक मॉडेलचं सुमारे १०० किमी जाळीवरचं हवामान घ्यायचं, डब्ल्यूआरएफ (प्रादेशिक हवामान मॉडेल, आवृत्ती ४.५) वापरून दक्षिण आशियावर १२ किमीला उतरवायचं आणि त्याच्या आत कोकण-सह्याद्रीवर ४ किमीचा नेस्ट (आतली बारीक जाळी) बसवायचा. भूतकाळ १९८५ ते २०१४, भविष्य २०४१ ते २०६०, एसएसपी२-४.५ या मध्यम उत्सर्जनाच्या वाटेने.

ड्रायव्हर, म्हणजे सीमेवरून हवामान पुरवणारं जागतिक मॉडेल, म्हणून एमपीआय-ईएसएम१-२-एचआर घेतलं. त्याची सहा-सहा तासांची माहिती मॉडेलच्या स्वतःच्या स्तरांवर मिळते. त्याचं कॅलेंडर लीप वर्षासकट आपलं नेहमीचंच आहे. इतर जागतिक मॉडेलांपैकी सीईएसएम२ मध्ये २९ फेब्रुवारी नसतो, यूकेईएसएम१ मध्ये प्रत्येक महिना ३० दिवसांचा. तिथे डब्ल्यूआरएफ वेगळ्या पर्यायाने कम्पाइल करावं लागतं किंवा तारखा ताणाव्या लागतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर एमपीआयचं मॉडेल सुमारे ३ अंश तापतं, म्हणजे आयपीसीसीच्या सहाव्या अहवालातल्या २.५ ते ४ या शक्य पट्ट्यात बसतं. सीईएसएम२ आणि यूकेईएसएम१ दोन्ही ५ अंशांच्या पुढे जातात. एकाच ड्रायव्हरवरून भविष्याची व्याप्ती कळत नाही. म्हणून सगळ्या स्क्रिप्ट ड्रायव्हरचं नाव बाहेरून देता येईल अशाच लिहिल्या.

क्रम पक्का: आधी ईआरए५ (निरीक्षणांवरून पुन्हा बांधलेलं भूतकाळाचं हवामान) वर चालणारा रन, मग जागतिक मॉडेलवरचा. ईआरए५ सीमेवरून शिरणारं हवामान बऱ्यापैकी खरं देतं, त्यामुळे तिथे उरलेली चूक आपल्या रनची. हा टप्पा गाळला तर पुढे पाऊस चुकला की दोष ड्रायव्हरचा की आपला, हे ठरवायला काहीच हाती राहत नाही.

११ जानेवारी. डोमेनच्या कडा

पहिल्या आखणीत डोमेनची, म्हणजे मॉडेल चालवायच्या चौकटीची, उत्तरेची कड ३० अंशांवर, म्हणजे थेट हिमालयाच्या उतारावर आली. ड्रायव्हरच्या गुळगुळीत डोंगरावरचा दाब आपल्या खडबडीत डोंगरावर बसवताना कडेच्या पट्टीत खोटा वारा उठतो. चाचणीत कडेला समांतर पावसाची सरळ रेघ उमटली आणि काही तासांत रन कोसळला. अशी रेघ दिसली की फिजिक्सचे (ढग, रेडिएशन वगैरेंचे) पर्याय चाळत बसू नये; कड हलवावी.

नवी आखणी: ४०० × ३५० बिंदू, मध्य २० उत्तर, ७६ पूर्व, लॅम्बर्ट प्रक्षेपण. दक्षिण-उत्तर साधारण १ ते ३९ अंश, २० अक्षांशावर पूर्व-पश्चिम ५३ ते ९९. हिमालय आणि तिबेटचं पठार पूर्ण आत आलं.

पश्चिमेची कड सगळ्यात विचार करून ठेवावी लागली. मान्सूनचा खालचा जोरदार वारा, सोमाली जेट, आफ्रिकेच्या किनाऱ्याला घासून विषुववृत्त ओलांडतो. तो आत घ्यायचा तर कड ४० अंशांच्याही पश्चिमेला न्यावी लागते आणि ती पूर्व आफ्रिकेच्या उंच भागावर येते. ५३ वर ठेवली तर जेट तयार होऊन सीमेवरून आत येतो: त्याचा जोर ड्रायव्हर ठरवतो, आणि अरबी समुद्रावरचा बाष्पाचा प्रवास आपलं मॉडेल करतं. हेच घेतलं. पूर्वेची कड मात्र डोंगराळ भागावरच येते, ती टाळता आली नाही. त्या बाजूचे १५ बिंदू विश्लेषणातून वगळायचे.

सीमापट्टी (जिथे ड्रायव्हरचं हवामान आपल्यात मिसळतं) मूळ ५ बिंदूंची असते. दीर्घ रनसाठी १० केली: १ बिंदू निश्चित, ९ सैल, घातांक ०.३३.

१४ जानेवारी. मॉडेलचं छप्पर

वरची सीमा ५० हेक्टोपास्कल हा सर्रास दिसणारा आकडा. ती उंची साधारण २० किमी. वरच्या ५ किमीत लाटा विरवणारा थर लावला की तो १५ किमीपासूनच सुरू होतो, आणि मान्सूनचे उंच ढग तर १६-१७ किमीपर्यंत चढतात. म्हणजे ढगांचे माथे आणि पूर्वेकडून वाहणारा वरचा जेट दोन्ही विरवण्याच्या थरात सापडतात. सीमा २० हेक्टोपास्कलवर नेली, स्तर ४५ केले. मध्य अक्षांशांसाठी तयार झालेली नेमलिस्ट (मॉडेलच्या पर्यायांची फाइल) उष्ण कटिबंधात जशीच्या तशी उचलू नये, त्याचं हे ठळक उदाहरण.

२० जानेवारी. टाइमस्टेप

टाइमस्टेप म्हणजे मॉडेलचं काळातलं एक पाऊल. जाळीच्या किलोमीटरच्या सहापट सेकंद या नियमाने ७२ येतात. ६० वर सुरुवात केली, हिमालयावर उभ्या वाऱ्याच्या सीएफएल (एका पावलासाठी वारा फार वेगवान ठरल्याच्या) तक्रारी आल्या. नुसता टाइमस्टेप कमी करत गेलं की खर्च वाढतो आणि मूळ कारण तसंच राहतं. आधी ईपीएसएसएम (ध्वनिलहरी विरवणारा आकडा) ०.१ वरून ०.५ केलं, उभ्या वाऱ्याचं डॅम्पिंग चालू केलं, मग टाइमस्टेप ४८ घेतला. ४८ ने ३६०० ला निःशेष भाग जातो आणि १२ मिनिटांच्या रेडिएशन अंतरालाही, त्यामुळे आउटपुट बरोबर तासावर पडतं. आपोआप बदलणारा टाइमस्टेप बंद ठेवला.

प्रोसेसर २८० (२० × १४), प्रत्येकाच्या वाट्याला २० × २५ बिंदू. तुकडा १० × १० पेक्षा लहान होता कामा नये. त्याच्या बराच आधीच प्रोसेसर वाढवून मिळणारा वेग थांबतो. एकमेकांना कडा पाठवण्यातच वेळ जातो.

२७ जानेवारी. समुद्र गोठलेला

ईआरए५ वरचा पहिला वर्षभराचा रन विनातक्रार पूर्ण झाला, पण मे महिन्यात अरबी समुद्र जानेवारीइतकाच थंड होता. समुद्राचं तापमान बदलत ठेवण्याचा पर्याय मुळात बंद असतो, आणि तो बंद असला तर सुरुवातीच्या तारखेचं तापमान अखेरपर्यंत तसंच राहतं. पर्याय चालू केला, खालच्या सीमेची वेगळी फाइल आणि तिचं सहा तासांचं अंतर नेमलिस्टमध्ये दिलं. त्याच फाइलमधून हिरवळीचं प्रमाण आणि अल्बिडोही (पृष्ठभाग किती ऊन परत फेकतो ते) बदलतात.

तपासणी सोपी आहे: पूर्व अरबी समुद्रातला एक बिंदू घेऊन वर्षभराचा आलेख काढावा. जानेवारीत २६-२७ अंश, मे महिन्यात ३० च्या आसपास दिसायला हवेत. ही तपासणी आता दर महिन्याच्या स्क्रिप्टमध्येच घातली आहे.

३० जानेवारी. तिबेटातले उकळते तलाव

पठारावर, वाऱ्याचं काही कारण नसताना, ठिपक्या-ठिपक्यांनी जोरदार पाऊस. ठिपके नकाशावर ठेवले तर तिथे तलाव निघाले. ड्रायव्हरच्या जाळीत हे तलाव नाहीत. त्यामुळे मेटग्रिड या, माहिती आपल्या जाळीवर बसवणाऱ्या प्रोग्रामने सगळ्यात जवळच्या समुद्राचं तापमान उचललं आणि साडेचार हजार मीटरांवरच्या पाण्याला बंगालच्या उपसागराचे २८ अंश मिळाले.

उपाय: तलाव वेगळे दाखवणारी मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची भूवापर माहिती घ्यायची, डब्ल्यूपीएस (डब्ल्यूआरएफच्या पूर्वतयारीचे प्रोग्राम) सोबत येणाऱ्या साधनाने पृष्ठभागाजवळच्या हवेचं सरासरी तापमान काढायचं आणि तलावांना तेच द्यायचं. पूर्ण वर्षाची एकच सरासरी घेतली तर हिवाळ्यात तलाव जास्त गरम राहतात. महिन्यागणिक काढलेली बरी.

८ फेब्रुवारी. हरवणारा हलका पाऊस

डब्ल्यूआरएफ पाऊस सुरुवातीपासूनच्या बेरजेत साठवतं, तेही एकेरी अचूकतेत (सुमारे सात अंकांपुरत्या). घाटमाथ्याच्या एखाद्या चौकोनात वर्षाला ६,००० मिमी धरले तर दुसऱ्याच वर्षी बेरीज १०,००० च्या पुढे जाते. त्या आकड्याच्या आसपास दोन लागोपाठच्या संख्यांत साधारण ०.००१ चं अंतर असतं, म्हणून एका टाइमस्टेपमध्ये ०.०००५ मिमीपेक्षा कमी भर पडली तर ती धरलीच जात नाही. ४८ सेकंदांना हे म्हणजे तासाला ०.०३६ मिमी. दहा वर्षांनी बेरीज ६०,००० वर गेली की हीच मर्यादा तासाला ०.१५ मिमीच्या जवळ पोचते. म्हणजे भुरभुर पाऊस वर्षागणिक कमी होताना दिसेल, आणि हवामान बदलाच्या अभ्यासात असला खोटा कल फार घातक. रन संपल्यावर तो दुरुस्त करता येत नाही.

बकेट १०० मिमी लावलं: बेरीज १०० झाली की शून्यावर येते आणि शेजारचा मोजणीचा आकडा एकाने वाढतो. रेडिएशनच्या बेरजेलाही तसंच बकेट आहे, तेही लावावं. पाऊस काढताना मोजणीचा आकडा × १०० मिळवायला विसरलं की मधूनच उणे पाऊस दिसतो. ती चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.

१३ फेब्रुवारी. साठवण

एक त्रिमितीय राशी: ४०० × ३५० × ४५ बिंदू × ४ बाइट = २५.२ एमबी. अशा १० राशी दर तासाला ठेवल्या तर वर्षाला २.२ टीबी. तीस वर्षांचं गणित हाताबाहेर. दर तासाला फक्त १५ द्विमितीय राशी ठेवल्या, त्या वर्षाला ७४ जीबीत मावतात. त्रिमितीय राशी सहा तासांनी, निवडक दाबपातळ्यांवर. नेस्टला सीमा देण्यापुरतं पूर्ण आउटपुट एका महिन्याचंच ठेवून पुढच्या महिन्यात पुसायचं. रिस्टार्ट फाइल दर महिन्याला, त्यातली वर्षअखेरची कायम.

२२ फेब्रुवारी. नजिंग लावावं का

२००९ (देशाचा मान्सून सरासरीच्या ७८ टक्के) आणि २०१९ (११० टक्के) हे दोन हंगाम ईआरए५ वर चालवले, स्पेक्ट्रल नजिंगसकट (म्हणजे मॉडेलच्या मोठ्या लाटा ड्रायव्हरकडे हलकेच ओढत ठेवून) आणि त्याविना. नजिंग नसताना बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे हंगामाच्या मध्यापर्यंत भलत्याच वाटेने जाऊ लागले आणि मध्य भारत कोरडा पडला. ४,८०० किमी रुंद डोमेनमध्ये मॉडेल स्वतःचं वेगळंच मोठं अभिसरण तयार करू शकतं.

नजिंग लावलं: पूर्व-पश्चिम ४ आणि दक्षिण-उत्तर ३ तरंगांपर्यंत, म्हणजे १,२०० ते १,४०० किमीपेक्षा मोठ्या लाटांपुरतंच, वारा, तापमान आणि भूविभव उंचीवर, सीमास्तरात (जमिनीलगतच्या हवेत) अजिबात नाही, गुणांक ०.०००३. बाष्प मोकळं सोडलं. पट्टे वाटेवर आले. नजिंगने मॉडेलची स्वतःची चूक झाकली जाते हा आक्षेप खरा आहे, म्हणून नजिंगविना केलेले दोन्ही हंगामही जपून ठेवले आहेत. प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांसोबत नजिंग होतं की नव्हतं, हे लिहिलंच पाहिजे.

३ मार्च. दिवस कुठे संपतो

भारतीय हवामान विभागाच्या ०.२५ अंश जाळीवरच्या पावसाशी दैनिक तुलना केली, सहसंबंध फार कमी आला. कारण दिवसाची व्याख्या. विभागाचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा मोजला जातो आणि त्यावर मोजणीची, म्हणजे शेवटाची तारीख पडते. ८:३० म्हणजे ०३ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). मॉडेलचा दिवस ०० ते ०० यूटीसी आणि तारीख सुरुवातीची. तासांच्या माहितीवरून ०३ ते ०३ बेरीज केली, तारीख शेवटाची लावली, सहसंबंध ताळ्यावर आला. आउटपुट फक्त दैनिक ठेवलं असतं तर ही दुरुस्ती करताच आली नसती.

आणखी दोन गोष्टी. मॉडेलचा पाऊस ०.२५ अंशावर नेताना कॉन्झर्व्हेटिव्ह (एकूण बेरीज राखणारं) रिमॅपिंगच वापरावं. बायलिनिअरने (शेजारच्या बिंदूंवरून अंदाज काढण्याने) घाटमाथ्याची एकूण बेरीजच बदलते. आणि पावसाचा दिवस २.५ मिमीवर धरावा. १२ किमीला ढगांची योजना (जाळीत न मावणाऱ्या ढगांचा पाऊस अंदाजाने काढणारी) लावलेली असल्यामुळे मॉडेल रोज थोडी भुरभुर पाडतं, ०.१ मिमीवर मोजलं तर सगळीकडे बारमाही पाऊस दिसतो.

१२ मार्च. ढगांची योजना

केन-फ्रिट्श योजनेत जमिनीवरचा पाऊस भर दुपारी पडत होता, निरीक्षणांत तो दुपार उलटून संध्याकाळकडे असतो. घाटावर पाऊस जास्त, त्यामागे पूर्वेला कमी. न्यू टिडके या दुसऱ्या योजनेने वेळ थोडी पुढे सरकली, समुद्रावरचा जादा पाऊस घटला. वेळेचा दोष १२ किमीला पूर्ण जात नाही. ढगांच्या योजना बुडाच्या अस्थिरतेला फार लवकर प्रतिसाद देतात. आकडे जुळावेत म्हणून प्रत्येक प्रदेशाला वेगळी योजना निवडण्याचा मोह टाळला. न्यू टिडके पक्की, पुढे बदल नाही.

२५ मार्च. ४ किमी नेस्ट

किनाऱ्यापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंतचं अंतर १२ किमी जाळीत जेमतेम चार-पाच चौकोनांत संपतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या पुढे पाऊस पडतो आणि थोड्याच अंतरावर वाईच्या बाजूला तो हजाराच्या खाली येतो. हा उतार १२ किमीला दिसणं शक्यच नाही.

नेस्ट ३०१ × ३६१ बिंदू (एक वजा केल्यावर ३ ने भाग गेला पाहिजे), ढगांची योजना बंद, टाइमस्टेप १६ सेकंद. बिंदू १,०८,६६१, पालकाचे (बाहेरच्या १२ किमी जाळीचे) १,४०,०००. नेस्टला पावलं तिप्पट. म्हणजे नेस्टचा खर्च पालकाच्या सुमारे २.३ पट. म्हणून तो फक्त मे ते ऑक्टोबर चालवायचा आणि पालकाच्या साठवलेल्या आउटपुटवरून वेगळा चालवायचा. सीमा तीन तासांनी दिल्या तर वेगाने सरकणारे ढगांचे पुंजके कडेवर विरतात. एक तासाने द्याव्यात.

चाचणीला २६ जुलै २००५ घेतला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, त्याच शहरात कुलाब्याला ७३. १२ किमीला हा पाऊस पसरट आणि अर्धवट येतो. ४ किमीला प्रचंड पावसाचा अरुंद गाभा तयार झाला, पण जागा सरकलेली. तेव्हा ४ किमीचे आकडे एका ठिकाणासाठी वापरू नयेत. आजूबाजूचे चौकोन मिळून टोकाच्या पावसाची वारंवारता काढावी, ती विश्वासार्ह निघते.

९ एप्रिल. जागतिक मॉडेलची माहिती जोडणं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. माहिती नेटसीडीएफ स्वरूपात असते, डब्ल्यूपीएसमधला अनग्रिब प्रोग्राम ती वाचत नाही, त्यामुळे डब्ल्यूपीएसची मधली फाइल स्वतः लिहावी लागते. अडलेल्या जागा:

दाब. काही मॉडेलांत स्तराचा दाब ap + b × ps, काहींत a × p0 + b × ps (ps हा पृष्ठभागाचा दाब, बाकीचे ठरलेले आकडे). नावं इतकी सारखी की चुकीचं सूत्रही चालून जातं. स्तर वरून खाली की खालून वर, तेही पाहावं. आभासी तापमान (बाष्प धरून दुरुस्त केलेलं) घेऊन खालून वर उंची काढल्यावर ५०० हेक्टोपास्कलची उंची उष्ण कटिबंधात ५,८५० मीटरांच्या आसपास यायला हवी. नाही आली तर पुढे जाऊ नये.

समुद्र. सीएमआयपी६ मध्ये समुद्राचं तापमान सेल्सिअसमध्ये असतं, सीएमआयपी५ मध्ये केल्विन होतं. जुनी स्क्रिप्ट इथे सरळ फसते. जमिनीवर गाळलेल्या जागी भलामोठा आकडा भरलेला असतो. तो बाजूला न काढता बायलिनिअर केलं की किनाऱ्याला अशक्य तापमान येतं. आधी सीडीओ या साधनाने गाळलेल्या जागा शेजारच्या पाण्यावरून भरल्या, मग रिमॅप केलं. खंबातचं आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी डोळ्यांनी तपासली.

माती. ड्रायव्हरची ओल किलो प्रति चौ. मीटरमध्ये असते, थराची जाडी (मीटर) × १००० ने भागलं की घनफळाचं प्रमाण येतं. पण दोन मॉडेलांची माती वेगळी असते: एकाची बरी ओल दुसऱ्याच्या मातीत झाडं सुकण्याच्या पातळीखाली जाते. म्हणून मातीची सुरुवात ईआरए५ रनच्या १ जानेवारीच्या स्थितीवरून केली आणि १९८४ हे पूर्ण वर्ष स्पिन-अप (स्थिरावण्याचा काळ) म्हणून टाकून दिलं. खालच्या एक मीटर जाडीच्या थराला तेवढा वेळ लागतोच.

हरितगृह वायू. डब्ल्यूआरएफच्या जुन्या आवृत्त्यांत आरआरटीएमजी ही रेडिएशनची योजना कार्बन डायऑक्साइड ३७९ पीपीएमवर स्थिर धरायची. आपल्या आवृत्तीत सोबत येणारी एसएसपी२-४.५ चीच फाइल वाचली जाते ना, हे पाहावं लागतं. हे केलं नाही तर सीमेवरून २०५० ची हवा येते आणि आतलं रेडिएशन भलत्याच वाटेवर राहतं.

२८ एप्रिल. ड्रायव्हरची कायमची चूक सुधारणं

जोडलेल्या जागतिक मॉडेलांचा जुना दोष: उत्तर अरबी समुद्र हिवाळा-वसंतात जास्त थंड. थंड समुद्रावरून बाष्प कमी उठतं आणि भारतावरचा पाऊस घटतो. ईआरए५ रन ठीक असल्यामुळे हा दोष सीमेवरून येतो हे स्पष्ट होतं. ड्रायव्हरच्या सहा-तासी माहितीतून तिची स्वतःची १९८५–२०१४ सरासरी वजा केली, ईआरए५ ची मिळवली. वर्षागणिक चढउतार आणि भविष्यातला बदल ड्रायव्हरचाच राहतो.

दोन ठिकाणी अडलं. महिन्याची सरासरी तशीच वापरली तर १ तारखेला उडी पडते. दैनिक सरासरी काढून गुळगुळीत करावी लागते. आणि तापमान व विशिष्ट आर्द्रता वेगवेगळी सुधारली की हवा कुठे १०० टक्क्यांच्या वर तर कुठे उणे बाष्पाची होते. सापेक्ष आर्द्रता सुधारून तिच्यावरून बाष्प परत काढलं, उंचीही नव्याने मोजली.

१७ मे. एरोसोल

डब्ल्यूआरएफमधला एरोसोलचा (हवेतल्या सूक्ष्म कणांचा) टेगेन संच महिन्यांप्रमाणे बदलतो, वर्षांप्रमाणे नाही. ड्रायव्हरमध्ये मात्र मानवी एरोसोल बदलत जातात (हे मॉडेल एमएसीव्ही२-एसपी हा एरोसोलचा सोपा नमुना वापरतं, त्याच्या नऊ प्लूमपैकी, म्हणजे प्रदूषणाच्या पट्ट्यांपैकी, एक दक्षिण आशियाचा). युरोपवरच्या प्रादेशिक मॉडेलांत हाच विसंवाद दिसला आहे: आत एरोसोल स्थिर ठेवल्याने उन्हाळ्याची तापमानवाढ ड्रायव्हरपेक्षा कमी येते. दक्षिण आशियावर प्रदूषणाचा भार इतका मोठा आहे की ही बाब सोडून भविष्याचा पाऊस सांगणं मला योग्य वाटत नाही.

बाहेरून एओडी (एरोसोल ऊन किती अडवतात त्याचं माप) देण्याचा पर्याय घेतला. मेरा-२ (ईआरए५ सारखाच नासाचा संच) च्या सरासरीवर त्या वर्षाच्या आणि आधारकाळाच्या प्लूममधला फरक चढवला. फक्त एओडी देऊन भागत नाही: इथल्या एरोसोलमध्ये ऊन शोषणारी काजळी बरीच असते, त्यामुळे सिंगल स्कॅटरिंग अल्बिडोही (अडवलेल्या उन्हातला विखुरलेला वाटा) द्यावा लागतो. मूळ पर्यायावर सोडला तर पृष्ठभाग आणि मधली हवा यांतली उष्णतेची वाटणी बदलते. ढगांवरचा अप्रत्यक्ष परिणाम यात येत नाही. मायक्रोफिजिक्समधल्या (ढगातल्या थेंब-कणांच्या योजनेतल्या) थेंबांच्या संख्येशी जोड अजून बाकी आहे.

२ जून. सध्याची स्थिती

१९८५–२०१४ चा १२ किमी रन चालू आहे, महिन्याच्या तुकड्यांनी. प्रत्येक तुकड्यानंतर चार तपासण्या आपोआप होतात: समुद्राच्या ठरलेल्या बिंदूचं तापमान, डोमेनमधलं एकूण बाष्प, सीएफएल तक्रारींची संख्या आणि बकेटसकट पावसाची बेरीज वाढतेच आहे ना. एकही चुकली तर पुढचा तुकडा लागत नाही. भविष्याच्या रनला २०१५ पासूनच्या एसएसपी फाइल लागतात. त्या भूतकाळाच्या त्याच सदस्याच्या (त्या मॉडेलच्या अनेक रनपैकी त्याच रनच्या), आर१आय१पी१एफ१ च्याच आहेत हे जुळवून ठेवलं. पुढचा ड्रायव्हर जास्त संवेदनशील घ्यायचा आहे आणि त्याचं कॅलेंडर ३६५ दिवसांचं असेल, म्हणून डब्ल्यूआरएफ आणि डब्ल्यूपीएस दोन्ही लीप वर्षाविना वेगळ्या फोल्डरमध्ये कम्पाइल करून ठेवले आहेत.